दसॉल्ट मर्क्यूर : गिऱ्हाईक एकच मिळालं, तरी २१ वर्षं उडालं

विमानतळाच्या कुंपणाबाहेर उभं राहून रजिस्ट्रेशन नंबर टिपणाऱ्या लोकांना बोइंग ७३७ चं फार अप्रूप नसतं कारण ती हजारोंनी बनली, पण एखादं मॉडेल मोजून १२ बनलेलं असेल तर त्यातल्या प्रत्येक विमानाचं पुढे काय झालं हे शोधण्यात वेगळीच मजा असते. फ्रान्सचं मर्क्यूर हे असंच एक विमान.

दसॉल्ट म्हटलं की आपल्याला मिराज आणि राफेल आठवतं, नागपूरच्या मिहानमध्ये फाल्कन बिझनेस जेटचे भाग बनतात तेही याच कंपनीच्या भागीदारीतून. पण मोठं पॅसेंजर विमान त्यांनी एकदाच बनवलं. साठच्या दशकाच्या शेवटी कंपनीचे संस्थापक मार्सेल दसॉल्ट यांना वाटलं की ७३७ पेक्षा मोठं, साधारण १५० सीटचं आणि फक्त कमी अंतरासाठीच बनवलेलं जेट कोणाकडेच नाही, ही जागा आपण घेऊ. निम्म्याहून जास्त पैसा फ्रेंच सरकारने घातला, इटलीची फियाट, स्पेनची कासा वगैरे कंपन्या भागीदार झाल्या, नवे कारखाने उभे राहिले आणि २८ मे १९७१ ला पहिलं मर्क्यूर उडालं. नाव रोमन देव मर्क्युरीचं, ज्याच्या टोपीलाही पंख आणि पायांनाही.

घोळ झाला तो रेंजमध्ये, म्हणजे एकदा इंधन भरून किती लांब जाता येतं त्यात. कमी अंतरच जायचं तर जास्त इंधन कशाला वाहायचं, हा हिशोब कागदावर अगदी बरोबर होता. पूर्ण भरलेलं मर्क्यूर साधारण १,७०० किमी जायचं म्हणजे पॅरिस-नीस किंवा पॅरिस-मार्सेयसाठी भरपूर, आपल्या हिशोबात मुंबई-दिल्ली आरामात आणि मुंबई-कोलकाता अगदी काठावर. पण एअरलाइन विमान घेते ते वीस-वीस वर्षांसाठी, आज जवळचा रूट तर उद्या लांबचा, आणि ७३७ दोन्ही करू शकत होतं मग मर्क्यूर कोण घेणार? त्यात १९७१ पासून डॉलर घसरला त्यामुळे अमेरिकन विमानं युरोपात स्वस्त पडायला लागली, मग १९७३ चं तेलसंकट आलं आणि एअरलाइन्सनी नवी खरेदीच आखडती घेतली. माझ्या मते डॉलर आणि तेल नसतं तरी हे विमान फार विकलं गेलं नसतं, मूळ निर्णयच आखूड होता.

ऑर्डर आली ती एकाच एअरलाइनची, फ्रान्समधल्या देशांतर्गत एअर इंटरची, १० विमानं. तीही सरकारने जादा खर्चाची भरपाई द्यायचं मान्य केल्यावर, कारण जगात दुसऱ्या कोणाकडेच नसलेल्या विमानाचे स्पेअर पार्ट महागच पडणार. १९७५ मध्ये उत्पादन बंद. मॅकडोनेल डग्लसला सोबत घेऊन सुधारित मर्क्यूर २०० काढायची बोलणी झाली, पण पुढे काही सरकलं नाही.

पण एअर इंटरमध्ये या विमानाने जे काम केलं त्याला तोड नाही. जून १९७४ ला सेवा सुरू झाली, त्याच वर्षी दाट धुक्यात ऑटोमॅटिक लँडिंगची परवानगीही मिळाली. पुढे मागणी इतकी होती की दुसरा प्रोटोटाइप, म्हणजे चाचण्यांसाठी बनवलेलं विमान, दुरुस्त करून तोही ११ वं विमान म्हणून ताफ्यात घेतला. २९ एप्रिल १९९५ ला शेवटची फ्लाइट झाली तोवर साडेतीन लाखांहून जास्त तास उड्डाण, ४ कोटींहून जास्त प्रवासी आणि एकही जीवघेणा अपघात नाही. कोणी याला भंगार विमान म्हटलं की मला राग येतो तो यासाठीच.

निवृत्त झाल्यावर काही विमानं मेकॅनिक शिकवणाऱ्या संस्थांकडे गेली, एक पॅरिसजवळच्या ल बूर्जे म्युझियमकडे आणि एक जर्मनीत स्पायरच्या टेक्निक म्युझियममध्ये.

जर्मनीत जाणाऱ्यांनी म्युनिकजवळच्या श्लाइसहाइमच्या विमान म्युझियमलाही जावं. तिथे व्हीएफडब्ल्यू ६१४ हे छोटं जर्मन प्रवासी जेट आहे, १९७१ लाच पहिल्यांदा उडालेलं आणि फक्त १९ बनलेलं, इंजिनं पंखांच्या खाली नाही तर वर बसवलेली. प्रवासी सेवेत ते फार चाललं नाही, पण हे श्लाइसहाइमचं विमान जर्मन संशोधन संस्था डीएलआरने २०१२ पर्यंत उडती प्रयोगशाळा म्हणून वापरलं, कॉम्प्युटर लावून दुसऱ्या विमानांसारखं वागायला लावायचे त्याला.