गोधडीची मजुरी नक्की कुणाला मिळाली?

हातानं शिवलेल्या गोधड्या, पाऊच, उशांच्या खोळी विकणाऱ्या कुणालाही विचारा, सगळ्यात जास्त वेळा कानावर पडणारं वाक्य एकच असतं, "एवढे? कापडच तर आहे!" मला आधी वाटायचं हे ऑनलाईन विक्री सुरू झाल्यापासूनचं दुखणं असेल, पण जरा मागचं वाचायला घेतलं तर हे दुखणं धंद्याइतकंच जुनं निघालं.

हॅरिएट पॉवर्सचंच घ्या. अमेरिकेत जॉर्जियामध्ये गुलामीत जन्मलेली बाई, १८८६ मध्ये अथेन्स गावच्या कापसाच्या जत्रेत तिनं बायबलमधल्या गोष्टी कापडाचे आकार कापून शिवलेली एक क्विल्ट, म्हणजे तिकडची गोधडीच, मांडली. जेनी स्मिथ नावाच्या चित्रकलेच्या शिक्षिकेला ती इतकी आवडली की लगेच विकत मागितली, पण पॉवर्स म्हणाली विकायची नाही. पुढे घरात ओढाताण सुरू झाली आणि १८९१ मध्ये ती स्वतःच क्विल्ट घेऊन आली, मागितले १० डॉलर, मिळाले ५. देताना तिनं एकेका चौकटीचा अर्थ समजावून सांगितला आणि नंतरही अधूनमधून ती क्विल्ट बघायला येत राहिली. आज ती क्विल्ट अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. मला हे वाचून बराच वेळ काही सुचलं नाही.

तसं काम साधं आहे, वरचं कापड, मध्ये कापूस, खाली अस्तर आणि तिन्हीतून आरपार जाणारा धावदोरा. पण खालच्या हाताच्या बोटाला सुईचं टोक टोचलं की मगच कळतं टाका अस्तरापर्यंत पोचला, आणि असं एका पलंगाएवढ्या कापडावर हजारो वेळा करायचं. मी एकदा बाळाच्या गोधडीसाठी तासांची वही ठेवली होती, तिसऱ्या दिवशी वहीच बंद केली, कारण आकडा बघून हात चालेना.

विक्रीही जुनीच. सिसिलीत चौदाव्या शतकात ट्रिस्टन या दंतकथेतल्या सरदाराची कथा टाक्यांनी उठवलेल्या क्विल्ट बनल्या, सोळाव्या-सतराव्या शतकात बंगालमधून टसर रेशमानं भरतकाम केलेल्या रजया पोर्तुगीज व्यापारी जहाजं भरून नेत होते, त्यांच्यावर शिकारीची दृश्यं, जहाजं, काय काय असायचं. व्यापाऱ्यांबद्दल भरपूर लिहिलेलं सापडतं, शिवणाऱ्यांची नावं मात्र सापडत नाहीत.

मग शिवणाचं मशीन आलं. १८४६ मध्ये एलियास होवेचं पेटंट, १८५६ पासून सिंगर कंपनीनं हप्त्यावर मशीन द्यायला सुरुवात केली आणि ते सामान्य घरात शिरलं. माझं मत असं की 'हातानं केलेलं' ही विकायची गोष्ट तेव्हापासूनच झाली असणार, त्याआधी सगळं हातानंच व्हायचं तर त्याचं कौतुक कोण करणार?

इंग्लंडच्या उत्तरेला डरहॅमच्या खाणींच्या भागात तर बायकांनी याचा व्यवस्थित धंदाच केला. खाणीत नवरा गेला किंवा जायबंदी झाला की बाई क्विल्ट क्लब काढायची, म्हणजे आजूबाजूच्या लोकांनी दर आठवड्याला थोडे थोडे पैसे भरायचे आणि पाळीपाळीनं ज्याचा नंबर येईल त्याची क्विल्ट तयार, थोडक्यात भिशीच. जवळच ॲलनहेड्सला एलिझाबेथ सँडरसन फक्त वरच्या कापडावर निळ्या पेन्सिलीनं नक्षी आखून द्यायची, शिवायचं ज्याचं त्यानं. आज डिझाईनच्या पीडीएफ विकणाऱ्यांची ती आजीच म्हणायची! टाके घालण्यापेक्षा नक्षी आखून देणं परवडतं हे तिला तेव्हाच कळलं होतं.

छोट्या शिवलेल्या वस्तूंचं गणित वेगळं. १९६६ मध्ये अलाबामाच्या विल्कॉक्स काउंटीत कृष्णवर्णीय बायकांनी फ्रीडम क्विल्टिंग बी ही सहकारी संस्था काढली, मतदानासाठी नाव नोंदवलं म्हणून काम नाहीतर घर गेलेल्या बायका त्यात होत्या. न्यूयॉर्कमध्ये लिलाव झाले, मोठ्या दुकानांच्या ऑर्डरी आल्या, पण दुकानांना प्रत्येक क्विल्ट एकसारखी हवी, आणि या बायका तर मनात येईल तशी ठिगळं जोडणाऱ्या. नियमित पगार सुरू राहिला तो १९७२ मध्ये सिअर्स या मोठ्या दुकानदार कंपनीनं दिलेल्या कॉर्डरॉयच्या उशांच्या खोळींच्या कामावर. नाव क्विल्टचं आणि पोट खोळींवर, आजही कुठल्याही छोट्या शिवणधंद्यात बघा, असंच चालतं.

पुढे १९७९ मध्ये ओल्फा या जपानी कंपनीचा गोल पात्याचा कटर आला आणि कापायचा वेळ एकदम कमी झाला, टाक्यांचा नाही. २००५ मध्ये एट्सी ही हातच्या वस्तू विकायची वेबसाईट सुरू झाली, घरबसल्या विकता यायला लागलं, पण २०१३ मध्ये त्यांनीच बाहेरच्या उत्पादकांकडून काम करून घ्यायला परवानगी दिली आणि हातानं म्हणजे नक्की कुणाच्या हातानं यावर विक्रेत्यांमध्ये चांगलीच जुंपली.

खरंतर हे भांडण १९३३ मध्येच व्हायला हवं होतं. शिकागोच्या जागतिक प्रदर्शनानिमित्त सिअर्सनं क्विल्ट स्पर्धा ठेवली, २४ हजारांच्या आसपास क्विल्ट आल्या, पहिलं बक्षीस मिळालं केंटकीच्या मार्गारेट कॅडेनला, १,२०० डॉलर. मंदीचा काळ होता, म्हणजे रक्कम केवढी ते बघा. पुढे कितीतरी वर्षांनी कळलं की बाईंनी त्यात एक टाकाही घातला नव्हता, थोडी मजुरी देऊन दुसऱ्या बायकांकडून शिवून घेतली होती आणि बक्षिसातलं त्यांना काहीच दिलं नाही. शिवणाऱ्या बायका गप्प राहिल्या, काम जाईल म्हणून. ती क्विल्ट तेव्हाच्या अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्टला भेट दिली गेली आणि त्यानंतर कुठे गेली त्याचा पत्ता नाही.