हिस्बा

हिस्बा : माप, तोल आणि मालाचा खरेपणा राखण्यासाठी इस्लामी राज्यांत रूढ झालेली बाजार-देखरेख. ती करणारा अधिकारी म्हणजे मुहतसिब. मराठीतला ‘हिशेब’ याच अरबी धातूतून आला आहे.

या व्यवस्थेचा पाया कुराणात आहे. ८३ व्या सूऱ्याचे (अध्यायाचे) नावच ‘अल्-मुतफ्फिफीन’, म्हणजे मापात खोट करणारे. घेताना भरून घेतात, देताना काटा मारतात, असे त्यांचे वर्णन येते. कुराणातली सर्वांत लांब आयत म्हणजे वचन (२:२८२) उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, असे सांगते. पैगंबर मुहंमद स्वतः काफिल्यांसोबत व्यापाराला जात असत, हे आठवले की याचे नवल वाटत नाही.

एका हदीसनुसार (पैगंबरांच्या उक्ती-कृतींची परंपरेने आलेली नोंद) पैगंबरांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तर आत ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. मग भिजलेले वर का नाही ठेवले, लोकांना दिसले असते, असे त्यांनी विचारले. फसवणारा आमच्यातला नव्हे, असेही बजावले. विक्रेता खोटे बोललेला नव्हता, फक्त गप्प होता. म्हणूनच दोष झाकणे हीदेखील फसवणूक ठरली. कास फुगलेली दिसावी म्हणून दूध न काढता जनावर विकले, तर गिऱ्हाइकाला ते तीन दिवसांत परत करता येई. दुधाच्या बदल्यात एक साअ (धान्य मोजण्याचे जुने अरबी माप) खजूर द्यावा लागे. भाव चढवायला खोटी बोली लावणे, साठेबाजी करणे, काफिल्याला शहराबाहेर गाठून भाव कळण्याआधीच माल घेणे, पाण्यातला मासा पकडण्याआधी विकणे, हेही निषिद्ध.

भाव ठरवून देण्यास मात्र पैगंबरांनी नकार दिला होता. पुढे धर्मशास्त्रज्ञ इब्न तैमिया यांनी साठेबाजीसारख्या प्रसंगी भाव ठरवण्याची मुभा मान्य केली.

मुहतसिब उघड दिसणाऱ्या गैरप्रकारांवर जागेवरच कारवाई करी. घरात डोकावण्याचा अधिकार त्याला नसे. इतिहासकार अल्-मक्रीझी यांनी कैरोत हे पद सांभाळले. औरंगजेबाने १६५९ मध्ये नेमलेल्या मुहतसिबाचा रोख मात्र बाजारापेक्षा दारू-भांगेवर अधिक होता. स्पेन-पोर्तुगालमध्ये ख्रिस्ती राजवट आल्यावरही पद टिकले, नाव तेवढे बदलले. पोर्तुगीजांनी गोव्यात नगरसभा स्थापली तेव्हा तिच्या बाजार-अधिकाऱ्याला ‘अल्मोतासे’ म्हणत.