गोल्फचा दांडा पुढे का वाकतो?

खारघरला डोंगराच्या पायथ्याशी सिडकोचं गोल्फ मैदान आहे. तिथे जाणाऱ्या आमच्या सोसायटीतल्या एका मित्राने परवा स्वतःच्या फटक्याचा मोबाइल व्हिडिओ दाखवला. त्यात क्लबचा दांडा, म्हणजे शाफ्ट, चक्क केळ्यासारखा वाकलेला. "बघ, ग्रॅफाइट! चाबकासारखा सुटतो आणि बॉल फेकतो."

ते केळं कॅमेऱ्याचं होतं. मोबाइल चित्र एका दमात टिपत नाही, ओळीओळीने टिपतो. तेवढ्यात दांडा सरकलेला असतो, म्हणून सरळ वस्तूही वाकडी दिसते. फिरत्या पंख्याचा फोटो काढा, पाती कोयत्यासारखी येतील.

तरी दांडा वाकतो, हे खरंच. पूर्वी तो हिकरी लाकडाचा असे. स्टीलला अमेरिकेत 1924 मध्ये मान्यता मिळाली, ब्रिटनमध्ये 1929 उजाडलं. 1970 च्या दशकात ग्रॅफाइट आलं. हे पेन्सिलीतलं नव्हे. कार्बनचे तंतू इपॉक्सी राळेत बसवलेले पातळ पत्रे सळईवर गुंडाळून भट्टीत पक्के करतात आणि सळई काढून घेतात. उरते पोकळ नळी, वजन साधारण 50 ते 80 ग्रॅम. स्टीलची शंभराच्या पुढेही जाते. तंतू लांबीत ठेवले की वाकण्याला विरोध होतो, 45 अंशांत तिरपे ठेवले की पिळाला. स्टीलमध्ये ही सोय नाही.

आता माझा आवडता भाग. फटका खाली येऊ लागतो तेव्हा हात पुढे ओढतात, क्लबचं डोकं, म्हणजे दांड्याच्या टोकाचा जड भाग, मागे रेंगाळतं, दांडा मागे वाकतो. हे सगळ्यांना पटतं. पण बॉलपाशी पोचेपर्यंत तोच दांडा पुढे वाकलेला असतो! चाबूक सुटला म्हणून? थोडंफार. मुख्य कारण वेगळं आहे.

नारळ सोलायचा कोयता मुठीच्या टोकाला दोन बोटांत सैल धरून लोंबकळू द्या. मूठ उभी राहत नाही, तिरकी होते, कारण कोयत्याचा गुरुत्वमध्य बोटांच्या बरोबर खाली यायला बघतो. ड्रायव्हरच्या, म्हणजे सर्वात लांब फटक्यासाठीच्या क्लबच्या, डोक्याचा गुरुत्वमध्यही दांड्याच्या रेषेवर नसतो, तो मागे आणि बाहेरच्या बाजूला असतो. फिरताना 'खाली' म्हणजे हातांपासून बाहेर. ही ओढ किती? डोकं 200 ग्रॅम, वेग सेकंदाला 40 मीटर, त्रिज्या 1.6 मीटर धरा. शाळेतलं सूत्र, वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या: 200 न्यूटन. टोकाला 20 किलोची तांदळाची गोणी लटकल्यासारखं! गुरुत्वमध्य हातांच्या रेषेत यायला धडपडतो. मूठ तर घट्ट धरलेली, मग टोकाकडचा बारीक भाग पुढे आणि खाली वाकतो.

त्याने डोक्याचा चेहरा, म्हणजे बॉलला लागणारी बाजू, किंचित वर होतो आणि बॉल उंच जातो. लवचीकतेचा, म्हणजे फ्लेक्सचा, मुख्य परिणाम हा. बॉल फेकण्याचं म्हणाल तर स्पर्श जेमतेम अर्धा मिलिसेकंद टिकतो. मूठ शिकंज्यात पकडून झटका दिला तर ड्रायव्हर मिनिटाला सुमारे 250 वेळा हेलकावतो, म्हणजे एका हेलकाव्याला पाव सेकंद. त्या अर्ध्या मिलिसेकंदात दांडा काय फेकणार? बॉलच्या लेखी डोकं जणू सुटंच असतं.

मनगटातल्या तांब्याच्या कड्यानेही फटक्याला 'ऊर्जा' मिळते, असं मित्र म्हणतो. तिथे मी हिशेबसुद्धा मांडला नाही.

दांड्यांवर एल, ए, आर, एस, एक्स अशी अक्षरं असतात, मऊकडून ताठकडे. पण त्यांचं सर्वमान्य प्रमाण नाही. एका कंपनीचा आर दुसऱ्या कंपनीच्या एसइतका ताठ असू शकतो. मित्राला दुकानात ए सुचवला होता. ते अक्षर ज्येष्ठांचं समजतात, हे कळल्यावर त्याने एस घेतला.