रक्ताची पिशवी सुरक्षित कशी झाली?

२६ जूनला शाहू जयंती आली की कोल्हापुरात रक्तदान शिबिरांचे मांडव पडू लागतात. शिवाजी पेठेतली तालीम असो, मंगळवार पेठेतलं तरुण मंडळ असो की कागल-हातकणंगल्याकडचं एखादं गाव, आपल्या शिबिरात किती पिशव्या जमल्या हे सगळीकडे अभिमानानं सांगितलं जातं. तो अभिमान रास्तच आहे. पण मांडवात गोळा झालेली पिशवी तशीच रुग्णाला चढवत नाहीत. आधी तिची एचआयव्ही, कावीळ ब (हिपॅटायटिस बी), कावीळ क (हिपॅटायटिस सी), सिफिलिस आणि मलेरिया अशा पाच आजारांसाठी तपासणी होते. यांतले पहिले तीन आजार विषाणूंचे आहेत. त्यांतला एकही कुणी आधी धोका ओळखला म्हणून या यादीत आलेला नाही. आधी रुग्णांना रक्तातून आजार झाला आणि मग तपासणी आली.

१९०१ मध्ये कार्ल लँडस्टायनर यांनी रक्तगटांचा शोध प्रसिद्ध केला. चुकीचं रक्त चढवल्यामुळे येणारा तात्काळ मृत्यू त्यामुळे टाळता येऊ लागला. दुसऱ्या महायुद्धात रक्त आणि प्लाझ्मा साठवून वापरण्याचं तंत्र रूळलं. भारतातही कोलकात्यात रक्तपेढीची सुरुवात झाली ती याच काळात. पण आता वेगळंच संकट दिसू लागलं. रक्त घेतलेला रुग्ण बरा होऊन घरी जायचा आणि दोन-तीन महिन्यांनी त्याचे डोळे पिवळे व्हायचे. १९४२ मध्ये अमेरिकन सैन्याला पीतज्वराची लस देण्यात आली होती. त्या लशीत मानवी रक्तातला द्रव मिसळलेला होता. सुमारे पन्नास हजार सैनिकांना काविळीमुळे रुग्णालयात दाखल करावं लागलं. रक्तात डोळ्यांना न दिसणारं काहीतरी आहे, एवढं त्यातून कळलं. ते काय आहे, हे कळायला आणखी वीस-पंचवीस वर्षं लागली.

हा शोध लागला तो काविळीवर संशोधन करत नसलेल्या माणसाला. अमेरिकन संशोधक बारुक ब्लूमबर्ग माणसामाणसांच्या रक्तातल्या प्रथिनांमधले फरक तपासत होते. हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या, रुग्णांना आयुष्यभर इतरांचं रक्त घ्यावं लागायचं. त्यामुळे परक्या घटकांविरुद्ध त्यांच्या शरीरात नाना प्रकारची प्रतिद्रव्यं तयार झालेली असायची. अशाच एका रुग्णाच्या रक्तानं ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्तातला अनोळखी घटक पकडला. १९६५ मध्ये ही नोंद प्रसिद्ध झाली आणि पुढच्या काही वर्षांत तो घटक म्हणजे कावीळ ब च्या विषाणूचं बाहेरचं आवरण असल्याचं सिद्ध झालं. ब्लूमबर्ग यांना १९७६ चं नोबेल मिळालं. ज्यांना परक्या रक्तानं सर्वांत जास्त त्रास दिला होता, त्यांच्याच रक्तातून हा शोध लागला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

याच सुमारास अमेरिकेत हार्वी आल्टर आणि त्यांचे सहकारी हृदय-शस्त्रक्रियेच्या रुग्णांवर लक्ष ठेवून होते. रक्त घेतलेल्या तीनपैकी जवळजवळ एकाला यकृताचा दाह होत होता. १९७० च्या सुमारास त्यांनी पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांना थांबवलं आणि कावीळ ब ची तपासणी सुरू केली. प्रमाण दहापैकी एकाच्या आसपास उतरलं. त्यात पैसे बंद करण्याचा वाटा फार मोठा होता. कारण साधं आहे. गरजेपोटी रक्त विकणाऱ्या माणसाला स्वतःचा आजार सांगणं परवडत नाही.

मग आला एचआयव्ही. १९८१ मध्ये अमेरिकेत पहिले रुग्ण नोंदले गेले आणि १९८२ मध्येच हिमोफिलियाच्या रुग्णांमध्ये तोच आजार दिसला. रक्तातून पसरतो याचा तो स्पष्ट इशारा होता. विषाणू हाती लागला तो मात्र लसिका ग्रंथीतून. आपल्याकडे काखेत किंवा जांघेत गाठ आली की ‘अवधाण आलं’ म्हणतात. ती हीच ग्रंथी. १९८३ च्या जानेवारीत पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये एका रुग्णाच्या मानेतल्या सुजलेल्या ग्रंथीचा तुकडा आला. त्यातल्या पेशी वाढवून फ्रान्स्वाज बारे-सिनुसी आणि ल्युक माँतान्ये यांच्या गटानं विषाणू वेगळा केला. ग्रंथीच का, याचं उत्तर आजाराच्या स्वभावात आहे. संसर्गाशी लढणाऱ्या सीडी-फोर पांढऱ्या पेशी ग्रंथींमध्ये दाटीवाटीनं राहतात आणि हा विषाणू नेमका त्याच पेशींत शिरतो. रक्तात तो थोडा दिसत असतानाही ग्रंथींमध्ये त्याचा मोठा साठा असतो. उपचाराविना आठ-दहा वर्षं माणूस वरून धडधाकट दिसतो आणि आतून ही फौज संपत जाते. आजची औषधं विषाणूला वाढू देत नाहीत. पण काही पेशींत तो झोपून राहतो, म्हणून गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात.

भारतात १९८६ मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सोलोमन आणि सेल्लप्पन निर्मला यांच्या कामातून पहिले संसर्ग उघड झाले. पुढच्या दशकात महाराष्ट्र सर्वाधिक बाधित राज्यांमध्ये गेला. पुणे-बंगळूर महामार्गावरची ट्रकची वर्दळ, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर बाहेरून आलेले कामगार, घरापासून महिनोन् महिने लांब राहणारी माणसं, अशी आपल्या भागाची घडण आहे आणि हा आजार अशाच वाटांनी पसरतो. शेजारच्या सांगलीत १९९२ पासून ‘संग्राम’ या संस्थेनं आणि पुढे देहविक्री करणाऱ्या बायकांच्या ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषदे’नं या प्रश्नावर जे काम उभं केलं, त्याची दखल देशाबाहेरही घेतली गेली. त्या बायकांनी आजाराला दोष न मानता त्याविषयी मोकळेपणानं बोलायला शिकवलं. दवाखान्यांनाही हे शिकायला वेळ लागला.

रक्तपेढ्यांवर एचआयव्ही तपासणी बंधनकारक झाली १९८९ मध्ये. प्रत्यक्षात ती टप्प्याटप्प्यानं आली. पण रक्ताचा बाजार चालूच होता. नातेवाइकांना ‘बदली रक्तदाता आणा’ असं सांगितलं जायचं. घाबरलेली माणसं दवाखान्याबाहेर उभ्या असलेल्या कुणाला तरी पैसे द्यायची आणि चुलतभाऊ म्हणून आत न्यायची. ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी १९९६ मध्ये निकाल दिला. परवान्याशिवाय रक्तपेढी चालणार नाही आणि धंदेवाईक रक्तदाते बंद करायचे, असं त्यात बजावलं. १ जानेवारी १९९८ पासून रक्त विकण्यावर देशभर बंदी आली. आपली मंडळं, कॉलेजं आणि सहकारी संस्था आज जी शिबिरं घेतात, त्यांना एवढं महत्त्व का आलं, हे या निकालात कळतं. कावीळ क चा विषाणू १९८९ मध्ये सापडला आणि भारतात त्याची तपासणी २००१ पासून बंधनकारक झाली.

तरीही तपासणीला एक फट राहते. नव्यानं संसर्ग झालेल्या माणसाचं रक्त काही काळ तपासणीत निर्दोष दिसतं, कारण बऱ्याच चाचण्या विषाणूऐवजी त्याच्याविरुद्ध शरीरात तयार झालेली प्रतिद्रव्यं शोधतात. एचआयव्हीच्या बाबतीत हा काळ साधारण तीन आठवड्यांचा, कावीळ क च्या बाबतीत दोन महिन्यांच्या आसपास असतो. विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी नॅट चाचणी ही फट बरीच कमी करते, पण ती महाग आहे आणि आपल्याकडे सक्तीची नाही. म्हणून शिबिरातल्या अर्जावरचे प्रश्न एवढे खोलात जाऊन विचारतात: गोंदवून घेतलं आहे का, कावीळ झाली होती का, डेंग्यू होऊन किती दिवस झाले. वर्षभरात गोंदवलेलं असेल तर थांबावं लागतं. म्हणूनच रक्तदात्यांना हेल्मेट, डबा, बॅग देण्याची चढाओढ मला खटकते. वस्तूसाठी आलेला माणूसही प्रश्नाचं खरं उत्तर टाळू शकतो, आणि थॅलेसेमियाच्या ज्या लेकराला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतं, त्याच्यावर हा धोका पुन्हा पुन्हा येतो.

काही विषाणू यादीत नाहीतच. सायटोमेगॅलो आणि एप्स्टाइन-बार हे पांढऱ्या पेशींत मुक्काम करणारे विषाणू बहुतेक प्रौढांच्या अंगात आधीच असतात. त्यांच्यासाठी दाते नाकारायचे तर कुणीच उरणार नाही. त्यामुळे कमी वजनाचं बाळ किंवा अवयव बदललेला रुग्ण असेल तर पांढऱ्या पेशी गाळून काढलेलं रक्त देतात.

आपल्याला काही संसर्ग तर नाही ना, एवढं कळावं म्हणूनही कुणी कुणी रक्तदानाला येतं. वर सांगितलेल्या फटीमुळे हे सर्वांत धोक्याचं. त्यासाठी कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयासारख्या सरकारी दवाखान्यांत समुपदेशन व चाचणी केंद्रं आहेत. तिथं एचआयव्हीची तपासणी मोफत होते, नाव गुप्त राहतं आणि गरज पडली तर मोफत औषधंही सुरू होतात.