दोष सगळा वयाचा नाही

‘वय झालं की स्नायूंतले मायटोकॉन्ड्रिया मरतात, मग व्यायाम करून काय उपयोग?’ हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता गप्प बसवत नाही.

मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीतल्या भट्ट्या. अन्न आणि ऑक्सिजन वापरून त्या एटीपी हे इंधन तयार करतात. त्या जन्मभर त्याच राहत नाहीत. जुन्या मोडल्या जातात, नव्या घडतात. किती घडायच्या, हे बरंचसं स्नायूला पडणाऱ्या कामावर ठरतं.

प्लास्टर काढल्यावरचा पाय आठवा. पोटरी बारीक, दोन पायऱ्यांत थकणारी. शेजारचा पाय मात्र ठणठणीत. दोन्ही पायांचं वय एकच! फरक फक्त काही आठवडे न हलण्याचा, आणि तेवढ्यात मायटोकॉन्ड्रियाची क्षमताही घसरते.

उलट दिशेचा पुरावा जुना आहे. १९६७ साली शास्त्रज्ञ जॉन हॉलोझी यांनी उंदरांना ट्रेडमिलवर पळवलं, तेव्हा त्यांच्या स्नायूंतल्या मायटोकॉन्ड्रियाची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता जवळपास दुप्पट झाली. पुढे माणसांतही, अगदी सत्तरीतल्यांतही, व्यायामाने ही क्षमता वाढल्याचं दिसलं.

वयाचा परिणाम शून्य आहे, असं मी म्हणत नाही. मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएमध्ये बिघाड साठत जातात, स्नायूतंतूही कमी होतात. पण म्हातारपणाच्या खात्यावर आपण जे टाकतो, त्यातलं बरंच बसून राहण्याचं असतं. कमावलेलं टिकतही नाही: व्यायाम थांबला की काही आठवड्यांतच वाढलेली क्षमता ओसरू लागते, विशीतही आणि सत्तरीतही.