परसातली बाग आणि केळीची बाग: गुंठ्याचा हिशेब, एकराचा हिशेब

जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलकडे नुसतं ‘बाग’ म्हटलं की केळीच समजायची, पावसाळ्याच्या तोंडाला लावलेली मृगबाग नाहीतर पावसाळा सरताना लावलेली कांदेबाग. मोरीच्या पाण्यावरचं अळू, कढीपत्ता आणि वांग्याची चार झाडं ही झाली परसबाग. माती, पाणी, खत दोन्हीकडे तेच, म्हणून शेतातल्या सवयी परसात येतात आणि तिथेच फसगत होते.

केळीला सगळं एकदम हवं. पाच बाय पाच फुटांवर एकरी सुमारे 1,740 रोपं एकाच वेळी लागली, ठिबकमधून सारखं खत गेलं, तर घड बरोबरीने भरतात आणि व्यापाऱ्याची गाडी लागते. त्याच अंतराने गुंठ्यात 43 झाडं बसतात. तेवढ्या घडांसाठी गाडी येत नाही. परसात मात्र माल मागेपुढेच यायला हवा. अख्खा वाफा मेथी एका दिवशी पेरली तर महिन्याने घरात मेथीच मेथी, आणि उरलेली फुलावर जाते. वाफ्याचे चार भाग करून दर आठ दिवसांनी एक पेरावा. पाच माणसांना वांग्याची चार-पाच झाडं, मिरचीची सहा आणि गिलक्याचे दोन वेल पुरे.

धान्य मात्र शेताचंच काम. पाच माणसांना रोज दोन किलो दादर, म्हणजे रब्बी ज्वारी, धरली तर वर्षाला सव्वासात क्विंटल लागते. एकरी सात क्विंटल पिकली तरी गुंठ्याच्या वाट्याला साडेसतरा किलो येते, म्हणजे नऊ दिवसांच्या भाकरी. तोच गुंठा, पाणी असेल तर, रोजच्या भाजीचा बराचसा भार उचलतो. म्हणून परसबागेचं मोल बाजारभावाने काढू नये; हिरवी मिरची, कोथिंबीर, कढीपत्ता ताजा हाताशी असणं हीच तिची कमाई.

परसात बरीच झाडं खताने मरतात. वांग्याला हेक्टरी 100 किलो नत्र आणि 90 बाय 75 सेंटिमीटर अंतर धरलं, तर एका झाडाला पूर्ण हंगामात जेमतेम 15 ग्रॅम युरिया येतो. तीन हप्ते केले तर एका वेळी चहाचा एक चमचा, तोही बुंध्यापासून वीतभर लांब, ओल्या मातीत. शेतातल्या गोणीतून आणलेली एक मूठ 40-50 ग्रॅम भरते. पानांच्या कडा करपतात. झाड वाचलंच तर नुसता पाला माजतो आणि फळ धरत नाही. परसात चांगलं कुजलेलं शेणखत बरं.

औषधाचंही तसंच. फवारणीनंतर काढणीपूर्वी किती दिवस थांबायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं. शेतात तोडा पुढे ढकलता येतो, परसातली वांगी दुसऱ्याच दिवशी भरताला जातात. शेंडा माना टाकताना दिसला की आत अळी आहे समजावं. तो दोन बोटं खालून खुडून नष्ट करावा. सोबत पाच टक्के निंबोळी अर्क: 50 ग्रॅम कुटलेली निंबोळी थोड्या पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्याने गाळून एक लिटर करायचा आणि संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारायचा. निंबोळ्या जूनमध्ये झाडाखाली पडतात तेव्हाच वेचून, गर धुऊन, सावलीत वाळवून ठेवाव्यात. पावसात भिजून पडलेल्यांना बुरशी धरते, त्या घेऊ नयेत.