कम्युनिटी कॉलेज : डिस्ट्रिक्टबाहेरील शुल्क

अमेरिकेतील सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजांत (हायस्कूलनंतरचे, बहुधा दोन वर्षांचे शिक्षण देणाऱ्या स्थानिक कॉलेजांत), त्या कॉलेजसाठी कर भरणाऱ्या हद्दीबाहेर राहणाऱ्या विद्यार्थ्याला लागू होणारा शिक्षणशुल्काचा चढा दर. ही हद्द म्हणजे कॉलेजचे डिस्ट्रिक्ट. ते काउंटीशी (राज्यातील जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागाशी) जुळेलच असे नाही. कित्येकदा ते शालेय डिस्ट्रिक्टांच्या (स्थानिक करावर सार्वजनिक शाळा चालवणाऱ्या विभागांच्या) तुकड्यांनी बनलेले असते. दर बहुधा तीन पायऱ्यांचे असतात : डिस्ट्रिक्टमधील रहिवासी, त्याच राज्यातील पण डिस्ट्रिक्टबाहेरचे, आणि परराज्यातील व परदेशी. न्यूयॉर्क, न्यू जर्सी व मेरीलँडमध्ये हीच विभागणी काउंटीवर, तर पेनसिल्व्हेनियात प्रायोजक संस्थेवर (काउंटी, शहर वा शालेय डिस्ट्रिक्ट) बेतलेली आहे.

उगम : या दरभेदाचा आरंभ नेमका केव्हा झाला याविषयी एकवाक्यता नाही. इलिनॉय राज्यातील जोलिएट ज्युनिअर कॉलेज (‘ज्युनिअर कॉलेज’ हे कम्युनिटी कॉलेजचे जुने नाव, आपल्याकडची अकरावी-बारावी नव्हे) हे आजवर चालू असलेले सर्वांत जुने सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज मानले जाते व त्याची स्थापना 1901 ची धरतात. तथापि हे साल सोयीचे आहे इतकेच. त्या वर्षी जोलिएट टाउनशिप हायस्कुलात हायस्कूलपुढचे वर्ग सुरू झाले. ते विनाशुल्क ठेवण्याचा शाळामंडळाचा ठराव 1902 च्या अखेरीचा सांगतात, आणि ‘ज्युनिअर कॉलेज’ हे नाव 1916-17 च्या सुमारास रूढ झालेले दिसते. शिकागो येथील लुइस इन्स्टिट्यूटला (1896) काही अभ्यासक अग्रमान देतात. पण ती खासगी संस्था असल्याने करहद्दीचा प्रश्न तेथे उद्भवत नव्हता व प्रस्तुत विषयापुरता तो दावा गैरलागू ठरतो.

शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी 1892 पासून पदवीशिक्षणाचे कनिष्ठ व वरिष्ठ असे दोन टप्पे पाडले, त्यातून ज्युनिअर कॉलेज जन्मले, अशी एक मांडणी आहे. अभ्यासक्रमाच्या इतिहासाला ती पुरेशी आहे, शुल्काच्या इतिहासाला नाही. जोलिएटचे वर्ग हायस्कूलच्याच इमारतीत, त्याच मंडळाच्या पैशातून चालत. हायस्कूल करदात्यांच्या पैशावर चालवता येते, हे मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने 1874 च्या कॅलमाझू खटल्यात मान्य केलेच होते. ज्याचा कर त्याच्या मुलांना शाळा मोफत, परक्या हद्दीतून येणाऱ्याने वेगळी फी भरावी, हा शालेय डिस्ट्रिक्टांचा शिरस्ता ज्युनिअर कॉलेजांनी उचलला, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. नॉर्थ कॅरोलायनाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1930 मध्ये अ‍ॅशव्हिल येथील ज्युनिअर कॉलेज हे सार्वजनिक शालेय व्यवस्थेचाच भाग असल्याचा निर्वाळा दिला, तोही याच मताला बळ देतो.

कॅलिफोर्नियात 1907 च्या कायद्याने हायस्कुलांना पुढचे वर्ग काढण्याची मुभा मिळाली. फ्रेस्नोने 1910 मध्ये ती प्रथम वापरली. 1921 च्या कायद्याने स्वतंत्र ज्युनिअर कॉलेज डिस्ट्रिक्ट स्थापता येऊ लागले व मोडेस्टोचे डिस्ट्रिक्ट त्याच वर्षीचे. टेक्सासचा तत्सम कायदा 1929 चा. ‘कम्युनिटी कॉलेज’ ही संज्ञा मात्र 1947 च्या ट्रूमन आयोगाच्या (राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या उच्चशिक्षण आयोगाच्या) अहवालानंतरच सर्वतोमुखी झाली.

शुल्काचे गणित : खर्चाचा एक हिस्सा राज्य, एक स्थानिक करदाते व एक विद्यार्थी उचलतो. विद्यार्थी बाहेरचा असेल तर स्थानिक हिस्सा त्याच्याकडून वसूल होतो, परराज्यातला असेल तर राज्याचाही. कम्युनिटी कॉलेज ऑफ फिलाडेल्फियाचे 2020 च्या आसपासचे दर हे तत्त्व जसेच्या तसे दाखवतात : शहरवासीयांना एका क्रेडिटला (अभ्यासक्रमाचा भार मोजण्याच्या एककाला) 159 डॉलर, पेनसिल्व्हेनियातील इतरांना 318, बाकीच्यांना 477. म्हणजे 12 क्रेडिटांच्या सत्राला अनुक्रमे 1,908, 3,816 आणि 5,724 डॉलर. इतके नेटके प्रमाण अन्यत्र क्वचितच आढळते. इलिनॉयमध्ये डिस्ट्रिक्टमधील शुल्क दर विद्यार्थ्यामागील खर्चाच्या एक-तृतीयांशापेक्षा जास्त असू नये, अशी कायद्याचीच मर्यादा आहे.

चार्जबॅक : बाहेरच्या विद्यार्थ्याचा स्थानिक हिस्सा त्याच्या स्वतःच्या काउंटीने वा डिस्ट्रिक्टने भरण्याची पद्धत. न्यूयॉर्कमध्ये यासाठी रहिवासाचा दाखला लागतो. तो काउंटीच्या खजिनदाराकडून किंवा तत्सम अधिकाऱ्याकडून मिळतो. राज्यात एक वर्ष आणि काउंटीत सहा महिने वास्तव्य दाखवावे लागते. दाखल्याची खिडकी अरुंद आहे : वर्ग सुरू होण्याच्या आधी दोन महिने ते नंतर 30 दिवस. ती हुकली, तर राज्यातच जन्मलेल्या विद्यार्थ्यालाही परराज्याचा दर पडू शकतो, आणि तो दुपटीपर्यंत जातो. इलिनॉयमध्ये आपल्या डिस्ट्रिक्टात हवा तो अभ्यासक्रम शिकवला जात नसेल तरच चार्जबॅक मागता येतो व सत्रारंभाच्या किमान 30 दिवस आधी अर्ज करावा लागतो. तेथे कॉलेजांनी आपसांत केलेल्या करारांमुळे अशा अर्जांची गरज बरीच घटली आहे. अ‍ॅरिझोनातील अपाची व ग्रीनली या काउंट्यांत कॉलेज डिस्ट्रिक्टच नाही. त्यांच्या विद्यार्थ्यांचा भार काउंटीवर पडतो.

हद्दवाढ : टेक्सासमध्ये करहद्द व सेवाक्षेत्र (ज्या भागाला कॉलेजने शिक्षण पुरवायचे तो) वेगळे आहेत. सेवाक्षेत्रे 1995 मध्ये कायद्याने आखून दिली. पण सेवाक्षेत्रात राहणारा प्रत्येक जण करहद्दीत असतोच असे नाही. कॉलेज दाराशी असूनही चढा दर भरावा लागतो, याचे हे मुख्य कारण. त्यावरचा उपाय मतपेटीतून जातो : शालेय डिस्ट्रिक्टातील मतदारांनी कॉलेजचा मालमत्ता कर पत्करला, की तेथील विद्यार्थ्यांना आतला दर मिळतो. ऑस्टिन कम्युनिटी कॉलेजच्या हद्दीत शालेय डिस्ट्रिक्टांपैकी राउंड रॉक 2008 मध्ये, हेज व एल्गिन 2010 मध्ये, तर लॉकहार्ट 2022 मध्ये अशा रीतीने आले. ज्यांच्या घरात कॉलेजला जाणारे कोणी नाही तेही मतदान करतात, म्हणून असे प्रस्ताव फेटाळलेही जातात. हद्दीत करपात्र मालमत्ता असलेल्या, पण बाहेर राहणाऱ्या व्यक्तीला वाढीव शुल्क माफ करण्याची मुभा टेक्सासच्या शिक्षण संहितेत आहे. शुल्कभेदाचा आधार अंतर नसून कर आहे, याचा याहून स्पष्ट पुरावा नाही.

दरभेद नसलेली राज्ये : जेथे स्थानिक कराचा वाटा गौण आहे किंवा कॉलेजे राज्यस्तरीय व्यवस्थेत आहेत, तेथे ही पायरी नाही. नॉर्थ कॅरोलायनाच्या 58 कॉलेजांत राज्यातील रहिवाशांना एकच दर आहे. व्हर्जिनिया आणि इंडियाना (तेथील राज्यव्यापी कम्युनिटी कॉलेज आयव्ही टेक) येथेही डिस्ट्रिक्टचा प्रश्न नाही. कॅलिफोर्नियात डिस्ट्रिक्टे आहेत, दरभेद नाही : 1978 च्या प्रपोझिशन 13 (मालमत्ता करावर मर्यादा घालणारा, मतदारांनी संमत केलेला प्रस्ताव) नंतर निधीची सूत्रे राज्याकडे गेली, 1984 मध्ये प्रथमच सरसकट शुल्क आले आणि 2012 पासून ते रहिवाशांना एका युनिटला (म्हणजे क्रेडिटला) 46 डॉलर आहे.

परदेशी विद्यार्थी : एफ-1 (विद्यार्थी) व्हिसावर भारतातून जाणाऱ्यांना डिस्ट्रिक्टात घर भाड्याने घेतले तरी सर्वसाधारणपणे सर्वांत वरचा दर पडतो, कारण कायम वास्तव्याचा हेतू तो व्हिसा गृहीत धरत नाही. एच-1बी (नोकरीच्या) व्हिसाधारकांच्या एच-4 व्हिसावरील कुटुंबीयांना (यांत अनेक मराठी घरे येतात) मात्र कॅलिफोर्नियासह बऱ्याच राज्यांत, ठरावीक मुदतीचे वास्तव्य दाखवल्यास, रहिवाशाचा दर मिळू शकतो. भाडेकरार, वीजबिल, वाहन परवाना व कर विवरणपत्र हे नेहमीचे पुरावे होत.